जॉबर चाचांचा बायोडाटा

२०२५ च्या पावसाळ्यातील गोष्ट. भिवंडीतील आमच्या पेढीवर दुपारच्या वेळी जॉबर चाचा आले आणि आत गादीवर न येता पायरीवरच बसून राहिले. ज्यांच्या देखरेखीखाली विणलेले कापड आम्ही तेरा वर्षे विकले, ते पायरीवर बसलेले पाहून आम्हाला बरे वाटले नाही. आत बोलावले, चहा मागवला. इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर त्यांनी खिशातून चार घड्या घातलेला एक कागद काढला. एका गोदामावर वॉचमन पाहिजेत, त्याचा तो फॉर्म होता. 'अनुभव' या शब्दापुढे मोकळी जागा होती. तिथे काय भरायचे, एवढेच चाचांना विचारायचे होते.

गोदाम कोणते, हे विचारले तेव्हा त्यांनी सांगितलेला पत्ता ऐकून आम्ही गप्प झालो. तो त्यांच्याच जुन्या कारखान्याचा पत्ता होता. अठ्ठेचाळीस लूम जिथे चालत होते, तिथे आता पत्र्याचे उंच गोदाम उभे आहे. चाचा म्हणाले, "जागा ओळखीची आहे, रात्री भीती वाटणार नाही."

आम्ही फॉर्म बाजूला ठेवला आणि म्हटले, आठ दिवस थांबा, आधी तुमचा बायोडाटा करू. ते हसले. बायोडाटा मुलांचा असतो, लग्नाच्या नाही तर नोकरीच्या वयातल्या मुलांचा, असे त्यांचे म्हणणे. त्या आठ दिवसांचे पुढे अडीच महिने झाले. त्या काळात आम्ही ज्या चुका केल्या आणि जे शिकलो, ते आपल्या वाचकांपैकी अनेकांच्या उपयोगी पडेल असे वाटते. असे चाचा आज भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी, सोलापूर, कोणत्याही यंत्रमागाच्या गावात गल्लोगल्ली आहेत.

कारखाना गेला, कागद राहिला नाही

चाचा मूळचे उत्तर प्रदेशातील मऊकडचे. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. त्यानंतर गिरण्यांचे पुष्कळ काम यंत्रमागांकडे वळले आणि भिवंडीला माणसे कमी पडू लागली. त्या लाटेत १९८३ साली मामाचा हात धरून ते इथे आले. आधी कांडी भरणारा पोरगा, मग लूमवर, आणि १९९१ पासून जॉबर. पहिल्या कारखान्यात चोवीस लूम, २००३ नंतर दुसऱ्या कारखान्यात अठ्ठेचाळीस. नोव्हेंबर २०१६ ची नोटाबंदी आणि जुलै २०१७ चा जीएसटी यांत मालकाची कंबर वाकली. मार्च २०२० च्या टाळेबंदीत कारखाना बंद झाला. दिवाळीच्या सुमारास पुन्हा निम्मे लूम चालू झाले. २०२३ मध्ये मालकाच्या मुलांनी सगळे लूम भंगाराच्या भावाने, किलोवर विकले. ज्या यंत्राचा एकेक नटबोल्ट चाचांनी स्वतः बदलला होता, ते गॅस कटरने कापून ट्रकमध्ये भरताना ते तिथेच उभे होते. त्याबद्दल ते फारसे बोलत नाहीत, आम्हीही विचारले नाही.

मुद्दा असा की, वीस वर्षे एका ठिकाणी काम करून त्यांच्याजवळ त्या कारखान्याचा एकही कागद नव्हता. पगाराची पावती नाही, ओळखपत्र नाही. अठ्ठेचाळीस लूम कागदावर चार नावांनी होते, प्रत्येक नावावर बारा. असे का करतात, हे आपल्या व्यापारी वाचकांना सांगायची गरज नाही. वीस किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी प्रॉव्हिडंट फंड लागू होतो, आणि किमान दहा वर्षांची सेवा खात्यावर असेल तर वयाच्या ५८ व्या वर्षापासून पेन्शन मिळते. चाचांची चाळीस वर्षे झाली, पण खातेच नाही, तर पेन्शन कुठली!

वयाचाही घोळ. आधार कार्डावर जन्मतारीख १ जानेवारी १९६४. ज्यांना खरी तारीख ठाऊक नव्हती त्या हजारो लोकांची जन्मतारीख अशीच १ जानेवारी लिहिली गेली आहे. त्यांची आई सांगत असे की, ज्या वर्षी दुष्काळ पडला त्या वर्षीचा हा जन्म, म्हणजे १९६६ किंवा ६७. केंद्र सरकारने ऑगस्ट २०२१ मध्ये असंघटित कामगारांसाठी ई-श्रम नोंदणी सुरू केली, तिची वयोमर्यादा १६ ते ५९. कागदावरच्या वयानेही चाचा तेव्हा बसत होते, पण त्यांना कुणी सांगितले नाही. आता ते दार बंद आहे. ज्यांचे वय अजून आत आहे त्यांनी हे वाचून झाल्यावर पहिले काम तेच करावे.

पहिला बायोडाटा आणि आमची चूक

आमचे शिक्षण उर्दू माध्यमाचे. मराठी आम्ही बिल्टी आणि सेल टॅक्सच्या नोटिसा वाचून शिकलो. इंग्रजी तर विचारूच नका. म्हणून पहिला बायोडाटा आम्ही उर्दूत लिहिला, तोही असा झोकात की एखाद्या मुशायऱ्यात निवेदकाने शायराची ओळख करून द्यावी. चाचा किती प्रामाणिक, किती मेहनती, किती खानदानी. मग तो घेऊन कॉम्प्युटरवाल्याकडे गेलो. त्या पोराने तो वाचलाच नाही. त्याच्याजवळ तयार नमुना होता, त्यात नाव आणि पत्ता बदलून अर्ध्या तासात दोन पानी इंग्रजी बायोडाटा हातात ठेवला. पन्नास रुपये घेतले.

त्याच्या पाच झेरॉक्स आम्ही ओळखीच्या पाच कारखान्यांत दिल्या. पंधरा दिवस कुणाचा फोन आला नाही. शेवटी एका कारखानदार मित्राला विचारले तेव्हा तो हसत म्हणाला, "शेठ, हे जॉबर आहेत की बँकेचे मॅनेजर? यात लिहिले आहे की आव्हानात्मक वातावरणात स्वतःची प्रगती साधायची आहे. आणि छंद काय, तर संगीत ऐकणे आणि क्रिकेट!" आम्ही तो कागद भाच्याकडून वाचून घेतला. दोन पानांत 'लूम' हा शब्द एकदाच होता. वडिलांचे नाव, जात, धर्म, वैवाहिक स्थिती, राष्ट्रीयत्व, सगळे होते. माणसाला काम काय येते, तेवढेच नव्हते.

त्याच कॉम्प्युटरवाल्याने आणखी एक रस्ता दाखवला. काही हजारांत आयटीआयचे सर्टिफिकेट मिळेल म्हणाला, नावासकट, जुन्या तारखेचे. आम्ही खोटे कशाला बोलू, क्षणभर आमच्याही मनात आले की, चाळीस वर्षे काम केलेल्या माणसाने एक कागद मिळवला तर कुणाचे काय बिघडते. चाचांनी आमच्याकडे पाहिलेसुद्धा नाही. त्या पोराला म्हणाले, "बेटा, मी तुझ्याकडे टायपिंगला आलो आहे." आणि उठले. रस्त्यात ते आम्हाला म्हणाले की, ज्या रोटीसाठी आयुष्यभर हात काळे केले, तिला शेवटी डाग कशाला लावायचा. आमच्याजवळ उत्तर नव्हते.

"सब काम आता है"

आता खरे काम सुरू झाले, आणि तेच सर्वांत अवघड निघाले. आम्ही वही घेऊन बसलो आणि विचारले, चाचा, तुम्हाला काय काय येते? ते म्हणाले, "सब काम आता है."

हे वाक्य आपल्या प्रत्येक कारागिराच्या तोंडी असते. त्यात घमेंड नसते, उलट संकोच असतो. स्वतःची तारीफ स्वतः कशी करायची? पण समोर नोकरी देणारा बसला असेल, तर या वाक्यातून त्याला काहीच कळत नाही. ज्याला एकच काम येते तोही हेच म्हणतो.

तीन संध्याकाळी अशाच वाया गेल्या. चौथ्या दिवशी आम्ही प्रश्न बदलला. विचारले, कारखाना बंद व्हायच्या शेवटच्या आठवड्यात कोणकोणते लूम बिघडले होते? आणि चाचा सुरू झाले. सात नंबरचा लूम ठोकत होता, शटल वेळेवर पेटीत पोहोचत नव्हते, पिकर झिजला होता. एकोणीस नंबरला टेक-अपचा दात गेला होता म्हणून कापडावर पट्टा येत होता. तेहतीस नंबरवर शटल अडकून दोन-तीनशे धागे एकदम तुटले, ते रात्री अकरापर्यंत बसून सांधून घेतले. हात हवेत फिरत होते, पिकिंग स्टिक कशी मारते ते दाखवत होते. आम्ही फक्त लिहीत गेलो. दोन तासांत वहीची नऊ पाने भरली.

मग दुसरा प्रश्न. तुमच्या हाताखाली शिकून कोण कोण जॉबर झाले? त्यांनी बोटे मोजली, अकरा निघाले. त्यांतले दोघे आज सुरतेला आहेत, एकाचा स्वतःचा कारखाना आहे. अकरा शागिर्द तयार करणे हा अनुभव नव्हे तर काय? पण चाचांच्या मते ते 'काम' नव्हते, ती पोरे आजूबाजूला होती म्हणून शिकली.

तिसरी गोष्ट योगायोगाने निघाली. बोलता बोलता ते म्हणाले की, २०१८ मध्ये दोन-तीन महिने सगळ्या लूमना "सरकारी सामान" बसवले होते. हे सरकारी सामान म्हणजे साध्या यंत्रमागांच्या सुधारणेची योजना. पॉवरटेक्स इंडिया या नावाने १ एप्रिल २०१७ ला आपल्या भिवंडीतूनच ती जाहीर झाली होती. साध्या लूमला वॉर्प स्टॉप मोशन, वेफ्ट स्टॉप मोशन, चांगला ब्रेक असे भाग बसवले की धागा तुटताच लूम आपोआप थांबतो आणि कापड खराब होत नाही. अठ्ठेचाळीस लूमना हे सर्व चाचांनी स्वतः बसवले, प्रत्येक ताण्याच्या धाग्याची ड्रॉप पिन पडते की नाही ते पाहिले, नंतर पाच वर्षे सांभाळले. आणि हे ते सांगायलाच विसरले होते!

शेवटी त्यांची डायरी. घरी एका डब्यात छोट्या छोट्या सतरा डायऱ्या होत्या, उर्दूत लिहिलेल्या. कोणत्या तारखेला कोणत्या लूमवर कोणते बीम चढले, फणी कोणती, पीक किती, कोणता भाग बदलला. मालकाने एक चिठ्ठी दिली नाही, पण या माणसाने स्वतःच वीस वर्षांचे रेकॉर्ड ठेवले होते. घरात त्या रद्दीत टाकायचे चालले होते.

यातून जो बायोडाटा तयार झाला, तो एकाच पानाचा आहे. आम्ही सोप्या हिंदीत लिहिला आणि भाच्याने पाठीमागे इंग्रजीत उतरवला. त्यातील मुख्य भाग मराठीत असा:

"काम: यंत्रमाग जॉबर.
१९९१ ते २००३: २४ साधे लूम. केंब्रिक, पॉपलीन.
२००३ ते २०२३: ४८ लूम, दोन्ही पाळ्यांची जबाबदारी. त्यांतील १२ लूमवर डॉबी.
२०१८: ४८ साध्या लूमना वॉर्प स्टॉप, वेफ्ट स्टॉप आणि ब्रेक स्वतः बसवले, २०२३ पर्यंत देखभाल.
स्वतः करतो: पिकिंग व टॅपेटचे टायमिंग, डॉबी दुरुस्ती, बीम चढवणे, नव्या क्वालिटीचे सेटिंग.
शिकवले: ११ जॉबर.
रॅपियर: पाच महिने मदतनीस, फक्त मेकॅनिकल काम. इलेक्ट्रॉनिक बोर्डाचे काम येत नाही.
पाळी: फक्त दिवसाची.
लूमनिहाय नोंदींच्या १७ डायऱ्या दाखवता येतील."

खाली नाव, मोबाइल, राहण्याचा विभाग आणि शेवटच्या ओळीत आधारप्रमाणे वय. वय सर्वांत वर लिहू नये. पण लपवूही नये, आधार कार्ड मागतातच.

दोन ओळींवर आमचा वाद झाला. "येत नाही" आणि "फक्त दिवसाची" या दोन्ही ओळी काढून टाका, असे आम्ही म्हणत होतो. व्यापाऱ्याची सवय, मालातला दोष आपण होऊन कोण दाखवतो? चाचा म्हणाले, माझे गुडघे बारा तास उभे राहू शकत नाहीत, हे तिसऱ्या दिवशी दिसणारच आहे, मग पहिल्या दिवशी का सांगू नये. ओळी राहिल्या.

आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. गावागणिक शब्द बदलतात. आपण ज्याला मुनीम म्हणतो त्याला इचलकरंजीत दिवाणजी म्हणतात. ताण्याचे धागे फणीतून ओवणाऱ्याला तिथे वहिफणी कामगार म्हणतात, दुसरीकडे हा शब्द कुणाला कळणार नाही. ज्या गावी अर्ज पाठवायचा, तिथल्या कुणाला तरी एकदा कागद वाचायला द्यावा.

शिफारसपत्र कोण देणार?

बायोडाटा झाला तरी खात्री देणारे कुणीतरी लागते. आम्ही चाचांच्या जुन्या मालकाच्या मुलाकडे गेलो. नाव लिहीत नाही, माणूस वाईट नाही. चहा पाजला, चाचांची चौकशी केली, वडील त्यांना किती मानत होते हेही सांगितले. पण वीस वर्षे काम केले असे लेखी द्या म्हटल्यावर त्याचा चेहरा बदलला. उद्या कुणी हा कागद घेऊन लेबर कोर्टात गेला तर? वकिलांनी काही सही करू नका म्हणून सांगितले आहे. आम्ही खूप समजावले की चाचा तसे नाहीत. तो म्हणाला, चाचांबद्दल प्रश्नच नाही, कागदाबद्दल आहे.

बाहेर पडल्यावर आम्हाला राग आला होता. चाचांना मुळीच आला नव्हता. ते म्हणाले, "तुम्ही शेठ लोक सगळे असेच असता," आणि हे ते अगदी सहज म्हणाले, टोमणा म्हणून नव्हे. आम्ही त्यावर बराच विचार केला. त्यावर पुढे येतो.

पत्राचा प्रश्न वेगळ्या वाटेने सुटला. आम्ही त्या कारखान्याचे मालक नसलो, तरी गिऱ्हाईक होतो. २००९ ते २०२२ या काळात त्यांचे ग्रे कापड आम्ही घेतले. आमच्या वह्यांत प्रत्येक लॉटची नोंद आहे. रात्री बसून हिशेब काढला. तेरा वर्षांत त्या कारखान्याचा माल आम्हाला फक्त चार वेळा परत करावा लागला, आणि २०१८ नंतर एकदाही नाही. आम्ही आमच्या लेटरहेडवर एवढेच लिहिले की, या काळात या कारखान्याचे कापड आम्ही घेतले, तिथले जॉबर हे होते, परतीच्या मालाचा हिशेब हा असा आहे आणि मूळ वही पाहायची असल्यास आमच्या पेढीवर यावे. खाली सही, शिक्का, जीएसटी नंबर.

हे पत्र आमच्या व्यापारी बंधूंनी ध्यानात ठेवावे. ज्याचा माल आपण वर्षानुवर्षे विकला त्याच्या कारागिराबद्दल खरे तेवढे लिहून देण्यात आपले काही जात नाही, आणि त्यात लेबर कोर्टाची भीतीही नाही. सुताचा व्यापारी, सुटे भाग विकणारा दुकानदार, सायझिंगवाला, यांतील प्रत्येक जण असे पत्र देऊ शकतो. चाचांसाठी पिकर आणि पट्टे विकणाऱ्या दुकानदारानेही चार ओळी दिल्या.

सरकारी सोयीही पाहिल्या. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत २०१५ पासून अशी एक सोय आहे की, ज्याला काम येते पण सर्टिफिकेट नाही, त्याची थोड्या दिवसांत परीक्षा घेऊन सर्टिफिकेट देतात. यंत्रमागाच्या गावांत पॉवरलूम सर्व्हिस सेंटर असते, तिथे चौकशी करावी. मात्र बॅच चालू आहे का आणि वयाची अट काय, हे आधी विचारून मगच रोजंदारी बुडवावी. चाचांचे वय आडवे आले. नॅशनल करिअर सर्व्हिस या केंद्राच्या पोर्टलवर नोंदणी फुकट होते, ती केली. तिथून अद्याप काही आले नाही. जो एजंट नोकरी लावण्याआधी पैसे मागतो त्याच्या वाटेला जाऊ नये.

पाच ठिकाणे

नवा कागद आम्ही पुन्हा पाच ठिकाणी दिला, पण या वेळी निवडून. जिथे साधे लूम अजून चालतात, जिथे मालक स्वतः कारखान्यात येतो आणि जिथे जॉबर टिकत नाही अशी तक्रार आम्ही बाजारात ऐकली होती, अशी ठिकाणे. हे कामगाराला कळत नाही, आम्हा व्यापाऱ्यांना कळते. कोणाचा माल उशिरा येतो, कोणाच्या कापडात पट्टे वाढले आहेत, हे आम्ही रोज पाहतो. जिथे कापड बिघडले आहे, तिथे चांगल्या जॉबरची गरज आहे. नोकरीची जाहिरात यापेक्षा वेगळी काय असते?

दोघांनी नाही म्हटले, वय पाहून. एकाने रात्रपाळीचा आग्रह धरला. एकाचा फोनच आला नाही. पाचव्याने बोलावले.

तो मालक तरुण, टेक्स्टाइलचा डिप्लोमा केलेला. छत्तीस सुधारलेले साधे लूम आणि आठ जुने रॅपियर. आम्ही बरोबर गेलो होतो, ही आमची आणखी एक चूक. तो चाचांना प्रश्न विचारी आणि उत्तर आम्ही देत असू. दोन वेळा असे झाल्यावर तो अदबीने म्हणाला, "शेठ, तुम्ही ऑफिसात बसा, मी चाचांना आत घेऊन जातो." पाऊण तासाने दोघे बाहेर आले तेव्हा चाचांच्या हाताला ग्रीस लागले होते. काय विचारले, म्हटल्यावर चाचा म्हणाले, "काही नाही, एक लूम ठोकत होता." त्या मालकाने नंतर आम्हाला सांगितले की, त्याने बायोडाटातली एकच ओळ पाहून बोलावले होते. कोणती? आम्हाला वाटले अठ्ठेचाळीस लूम. तो म्हणाला, "बोर्डाचे काम येत नाही, ही. आजवर आलेल्या प्रत्येकाने येते म्हणून सांगितले आणि माझे दोन बोर्ड जाळले."

पंधरा दिवस ट्रायल झाली. मग दिवसाची आठ तासांची पाळी ठरली, दोन पोरांना शिकवण्याच्या अटीवर. पगार सोळा हजार. आधी बावीस मिळत होते, हे लपवण्यात अर्थ नाही. चाचांच्या घरी यावरून कुरबूर झाली, मुलाने वॉचमनचे पंधरा आणि वर जेवण असा हिशेब मांडला. चाचांनी काय उत्तर दिले ते आम्हाला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी ते आठ वाजता कारखान्यात होते. आणि या वेळी त्यांनी स्वतः नियुक्तीचा कागद मागितला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या श्रम संहितांमध्ये कामगाराला लेखी नियुक्तीपत्र देण्याची तरतूद आहे, हे त्या तरुण मालकाला ठाऊक होते. अर्ध्या पानाचे पत्र मिळाले. चाचांनी त्याला प्लॅस्टिक लावून घेतले.

आता त्या टोमणा नसलेल्या वाक्याकडे येतो. आमच्या पेढीवर एक घडीवाले आहेत, तागे तपासतात, घडी घालतात, दोष दिसला की खडूने खूण करतात. त्यांना आम्ही सर्वजण भाईजान म्हणतो. डिसेंबरमध्ये एका रविवारी आम्ही त्यांच्यासाठी लेटरहेड घेऊन बसलो. "प्रमाणपत्र देण्यात येते की" एवढे लिहिले आणि हात थांबला. त्यांचे पूर्ण नाव आम्हाला माहीत नव्हते. फोन करून आधार कार्ड घेऊन या म्हटले, तर ते घाबरले, काय झाले शेठ, काही चुकले का? नाव मिळाले. मग प्रश्न आला, कधीपासून काम करतात? ते म्हणाले, बारा-तेरा वर्षे झाली असतील. आमच्या मते नऊ-दहा. जुन्या वह्या काढल्या, आठवड्याच्या उचलीच्या नोंदी मागे मागे पाहत गेलो. पहिली नोंद सापडली तेव्हा असरची अजान होत होती: २००८ चा ऑक्टोबर, उचल तीनशे रुपये, आणि नावाच्या जागी आमच्याच अक्षरात लिहिलेले, "नवा माणूस".